चुन्याची निवळी

आईनं आधी हळद-चुन्याचा लेप लावला.
मांडीला सूज,
घाण्याशी पाय सरकला असेल, असंच वाटलं सगळ्यांना.
वाटीत पिवळी हळद चुन्याला भेटली
आणि लाल झाली.
आमच्या घरातला तो पहिला लिटमस.
गाठीनं मात्र रंग दाखवला नाही.

निगव्यात अण्णांना नावानं कुणी हाक मारत नाही.
हिंदुराव फक्त रेशनकार्डावर, एरवी गुळव्या.
काहिलीवर वाकायचं, पळीतला एक थेंब
फुंकून जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे,
मग निवळीचा तांब्या तिरका करायचा.
"आंबूस हाय. चार दिसाची तोड दिसती."
ऊसवाला चुलवाणाकडं बघत राहायचा.
आंबलेल्या रसाचा गूळ बसत नाही,
चिकी होतो, कापडाला धरून राहतो.

मी सागरमाळावरच्या लॅबमध्ये
उंदराच्या गाठीत केसाहून बारीक सुई उतरवते.
आकडा थरथरतो, थांबतो.
सात पूर्णांक दोन.
अर्ध्या तांदळाएवढी पुढं: सहा आठ.
आणखी जरा: सहा सात.
परत सात.
एवढीशी गाठ आणि इतक्या चवी.
रक्ताच्या वाटा तिथं वेड्यावाकड्या,
कुठं पाणंद बुजलेली, कुठं बांध फुटलेला.
पेशी साखर अर्धवट जाळतात
आणि आंबट बाहेर अंगणात ओततात.
शेजारच्या सालस पेशी त्यात गुदमरतात,
पहाऱ्याला आलेल्यांचे पाय जड होतात.
यांचं घर आतून स्वच्छ.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते कॉटवर होते.
वर लाल औषधाची पिशवी.
"तांबडा रस्सा लावलाय," शेजारच्या मुरगूडच्या पेशंटला म्हणाले,
"पांढरा उद्या."
ते औषध आंबट जागी दाराशीच अडकतं,
हे तेवढं मी गाळलं.
पण रस आंबल्यावर काय करायचं
हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.
"मग चुना घाला की."

उंदरांना सोड्याचं पाणी पाजून बघितलंय, मी म्हटलं.
काहींच्यात गाठीची पिल्लं कमी झाली.
माणसाच्या पोटाला तेवढा सोडा झेपत नाही,
आणि रक्त आपलं माप सोडत नाही.

"एक काहील, एक रस,
आन् चव जागोजागी निराळी?"
बराच वेळ ते पंख्याकडं बघत राहिले.
"म्हंजे कुणी ढवळलंच न्हाई गं."
आणि झोपेत जाता जाता,
"मधलं काय बघत बसतीस?
उकळी मधी येती, मळी काठाला जाती."

तीन महिने मी सुई मध्यावर रोवत होते.
अंधार तिथं, उपासमार तिथं,
म्हणून आंबटही तिथंच, असं धरून.
दुसऱ्या दिवशी काठाला नेली,
गाठ संपते आणि निरोगी मांस सुरू होतं तिथं.
रक्त होतं, हवा होती,
तरी आकडा उतरत गेला.
सहा सहा. सहा पाच.
सहा चार.
भरल्या घरात कुणी मुद्दाम आंबवावं तसं.
इथूनच ती बांध कोरत होती.
(दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत हे होतंच.
मीच ते पान वाचून पुढं गेले होते.)

संध्याकाळी सांगायला गेले.
भाकरीचं ताट तसंच, आईनं वरून झाकलेलं.
औषधानं तोंडाची चव नेली होती.
"गोड लागत न्हाई, आंबट लागत न्हाई.
जीभ नुसती ओली हाय."
मग उशीवरून मान वळवून,
"काठाला किती आलं?"

सहा चार, मी म्हटलं.

त्यांनी तो आकडा तोंडात घेतला,
डोळे मिटले,
गालात इकडून तिकडं फिरवला.
"आंबूस," म्हणाले.